मंगळवारचं तळं

खंड्या काठीच्या टोकावर येऊन बसला आणि बेबी जागच्या जागी थिजली.

काठी मासे धरायची होती. तळ्याच्या पलीकडच्या काठावर गळवाल्यांची रांग असते. त्यातल्या शेवटच्या माणसाने आपली काठी दोन दगडांत रोवली होती आणि तो निळा पक्षी तिच्यावर असा बसला होता, जसं काही ती त्याच्यासाठीच रोवलेली आहे. सहा वर्षांत बेबीला खंड्याचा धड फोटो मिळाला नव्हता. कधी पाठमोरा, कधी फांदीआड, कधी नुसता निळा फराटा. आज तो समोरून, कोवळ्या उन्हात, चोच किंचित वर करून बसला होता. तिने ओळीने तीन फोटो काढले.

मग तिच्या लक्षात आलं, की काठीचा मालकही हलत नाहीये. पक्षी उडू नये म्हणून त्याने हातातला चहाचा कप अर्ध्यावरच धरून ठेवला होता. बरा माणूस दिसतोय, असं तिला वाटलं. सहज गंमत म्हणून तिने लेन्सची रिंग फिरवली. खंड्या धूसर झाला आणि मागचा माणूस स्पष्ट झाला.

तो तिचा भाऊ होता.

सारखी दिसणारी माणसं असतात, हे तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण तो आकाशी शर्ट तिनेच काल रात्री इस्त्री केला होता. बूट काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेले, मोजे त्यात खोचलेले. असे बूट या जगात एकच माणूस ठेवतो. दादा या वेळी पंख्यांच्या कारखान्यात, स्टोअरच्या जाळीमागे असायला हवा होता. सकाळी आठला तो डबा घेऊन घराबाहेर पडला होता. दारात वहिनी नेहमीसारखं म्हणाली होती, "सावकाश जा." दादा नेहमीसारखा म्हणाला होता, "हो, हो."

खंड्या उडाला. दादाने कप तोंडाला लावला. चहा एव्हाना गार झाला असणार.

बेबी गवतात खाली बसली. तिला आधी भीती वाटली ती त्याने आपल्याला पाहिलं असेल याची. कारण बेबीसुद्धा या वेळी इथे असायला नको होती. घरच्यांच्या हिशोबाने ती हॉस्पिटलात, एक्सरेच्या खोलीत असते.

बेबीचं वय चव्वेचाळीस. घरात अजून बेबीच. हॉस्पिटलात 'एक्सरेच्या बाई'. दिवसभर लोकांना सांगायचं: इकडे वळा, हनुवटी वर, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका. सहा वर्षांपूर्वी तिला रविवारी ड्युटी लागली आणि बदल्यात मंगळवारची सुट्टी मिळाली. पहिल्या मंगळवारी ती घरी सांगायला विसरली. दुसऱ्या मंगळवारी विसरली नव्हती, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मंगळवार लगेच घराचा झाला असता. "वन्सं, तुम्ही घरीच आहात ना, मग गॅसवाल्याला बघाल? वन्सं, जाता जाता तेवढं शिलाईचं आणाल?" वहिनी वाईट नव्हती. पण तिच्याजवळ कामं होती आणि बेबीजवळ स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं. ती हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. सगळ्यांचा टीव्ही पाहून झाला, की मग तिची रात्र सुरू व्हायची. कपाटातला एक कप्पा तिचा, आणि त्यातही नात्यातल्या लग्नांत आलेल्या चादरी.

कॅमेरा डार्करूमकाकांचा. ते तिचे सीनियर, जुन्या काळात अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुणारे. निवृत्त होताना म्हणाले, "माणसांची हाडं खूप पाहिलीस बाळ. जरा पिसं पाहा." तेव्हापासून कॅमेरा हॉस्पिटलातल्या तिच्या लॉकरमध्ये, शिशाच्या जुन्या एप्रनखाली असतो. मंगळवारी सकाळी तो काढायचा, बागेत यायचं, संध्याकाळी परत ठेवून ड्युटी संपवल्यासारखं घरी जायचं. सहा वर्षांत तिने टिबुकलीची पिल्लं पाहिली, पाणकावळे पंख वाळवताना पाहिले. पैकी एकही गोष्ट घरी कुणाला सांगितली नव्हती.

आणि आजचा मंगळवार तर शेवटचा होता. हॉस्पिटलची दुसऱ्या गावी नवी शाखा उघडत होती. तिथे एक्सरे विभागाची मुख्य म्हणून तिला विचारलं होतं. राहायला क्वार्टर. क्वार्टर म्हणजे एकच खोली, मोरी आणि ओटा. पण ती जाऊन पाहून आल्यावर तिच्या मनात राहिलं होतं ते दार. त्या दाराला आतून कडी होती. आतून कडी लावून आपण एकटं बसलोय, ही कल्पनाच तिला आठवडाभर पुरली होती. विभागाच्या मॅडमनी मंगळवारी पाचच्या आत उत्तर मागितलं होतं. उत्तर ठरलेलं होतं. ते तळ्याकाठी बसून, फोनवर, मोठ्या आवाजात द्यायचं असंही तिने ठरवलं होतं. घरी रात्री जेवताना सांगणार होती.

ती उठली आणि मोठा वळसा घालून फाटकापाशी आली. तिकीटवाली बाई तिला ओळखत होती.

"आज लवकर निघालात?"

"नाही, सहजच." बेबीने गळवाल्यांकडे मान केली. "ते शेवटचे, आकाशी शर्टातले. नवीन आहेत का?"

"नऊवाले साहेब होय? तीनेक आठवडे झाले. तुम्ही आला नव्हता ना मध्ये." मधले तीन मंगळवार बेबीने एका मैत्रिणीच्या रजेपायी भरून दिले होते. "रोज येतात. नऊ म्हणजे नऊ. घड्याळ लावून घ्यावं. साडेपाचला काठी आवरून माझ्याकडे ठेवतात, बूट घालतात, भांग पाडतात आणि जातात. आधी वाचनालयात बसायचे म्हणे, तिथे रंगकाम निघालंय." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "नोकरी गेली असणार हो. आम्हाला कळतं. पाच-सहा जण आहेत तसे. इस्त्रीचे कपडे घालून मासे धरायला कोण येतं?"

बेबीला राग आला. दादा खोटं बोलला याचा नाही, त्या बाबतीत तिला तोंड नव्हतं. राग आला तो वेगळाच. साऱ्या गावात बसायला याला माझंच तळं मिळालं? पण राग फार टिकला नाही. तिने घरी जाताना नेहमी धरायची ती वाट सोडली आणि गळवाल्यांच्या मागच्या पायवाटेने चालू लागली. जवळून एकदा बघायचं आणि निघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

ती त्यांच्या मागे दहा पावलांवर असतानाच दादाची काठी वाकली.

"ओढू नका! ढील द्या, ढील द्या!" शेजारचा म्हातारा ओरडला. तो निवृत्त पोस्टमन होता. बागेत सगळे त्याला पोस्टमनकाका म्हणत. चाळीस वर्षं बंद दारांबाहेर हाका मारून त्याचा आवाज तळ्यापार जायचा. "आता घ्या! घ्या साहेब! अरे वा रे वा!"

चांगला हातभर मासा काठावर आपटला. दादाने तो दोन्ही हातांनी उचलून धरला. गळवाले टाळ्या पिटत जमले. पोस्टमनकाकांनी वळून पाहिलं आणि त्यांना गळ्यात कॅमेरा अडकवलेली बाई दिसली.

"ओ बाई! या, या! देवाने पाठवलं तुम्हाला. साहेबांचा पहिला मोठा मासा आहे, फोटो झालाच पाहिजे!"

दादाने मान वर केली.

मासा त्याच्या हातांत तडफडत होता. दादा तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं तिथल्या तिथे निर्जीव झालं. बेबीने कॅमेरा डोळ्याला लावला, कारण तो लावला की चेहरा झाकतो.

"हसा की साहेब!" पोस्टमनकाका म्हणाले. "फोटो काढतायत बाई, एक्सरे नाही!"

सगळे हसले. दादाही हसला. ते हसू बेबीने पाहिलं आणि बटण दाबलं.

"आता यांना पाठवा हां फोटो. साहेब, नंबर सांगा बाईंना."

दादाने घसा खाकरला. एकेक आकडा सांगत गेला. बेबी मोबाइलवर बोटं फिरवत राहिली. तो नंबर तिला पाठ होता.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं," बेबी म्हणाली.

मासा काकांनाच मिळाला. "सुनेला दाखवतो, म्हणते तुम्ही नुसतेच बसता," म्हणत ते पिशवी घेऊन खुशीत घरी गेले. बाकीचे आपापल्या काठ्यांकडे परतले. दादाने पायात बूट चढवले, का ते त्यालाच ठाऊक, आणि बहीण-भाऊ थोड्या अंतरावरच्या बाकावर जाऊन बसले. मध्ये एका माणसाची जागा ठेवून.

"आज हॉस्पिटल?" दादाने विचारलं.

"मंगळवारी सुट्टी असते मला."

"कधीपासून?"

"सहा वर्षं."

दादाने तळ्याकडे बघत मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "आणि हा कॅमेरा?"

"माझाच आहे. तू?"

"चार महिने." मग तो बोलत सुटला, अडवून ठेवलेलं पाणी सुटावं तसा. "स्टोअरच बंद केलं गं. माल ठेवायचाच नाही म्हणे आता, लागेल तसा सरळ येतो. एकोणतीस वर्षं कुठल्या खणात कुठला नट, डोळे मिटून काढून द्यायचो मी. शेवटच्या दिवशी सत्कार केला. गुच्छ दिला एवढा मोठा. तो घरी कसा न्यायचा? बसमध्ये सीटवर ठेवून उतरलो. कंडक्टर मागनं ओरडतोय, 'ओ, तुमची फुलं!' मी वळलोच नाही."

बेबीला हसू आलं, आणि लगेच ते आलं म्हणून लाज वाटली. पण दादाही हसत होता.

"वहिनीला का नाही सांगितलंस?"

"पोरीची परीक्षा होऊ दे. आधीच तिला झोप लागत नाही. सुटताना जे मिळालं, ते पगारासारखं महिन्याला तुझ्या वहिनीच्या हातात देतो. ती विचारत नाही, मी सांगत नाही." त्याने नखाने बाकाचा रंग खरवडला. "जागा शोधतोय. गेल्या महिन्यात एका ठिकाणी गेलो, मुलाखत घेणारा पोरगा आपल्या पोरीएवढा. मला म्हणाला, काका, तुम्ही बसा, पाणी घ्या. तेव्हाच कळलं."

ऊन वर आलं होतं. दादाने डबा काढला. बेबीनेही काढला. दोघांनी एकाच वेळी झाकणं उघडली: ब्रेडचे चार तुकडे, उकडलेलं अंडं, काकडीचे काप, कागदाच्या पुडीत मीठ. वहिनीने पहाटे उठून शेजारी शेजारी ठेवून भरलेले डबे.

"दोघं कामावर जाणार म्हणून अंडं घालते ती," दादा म्हणाला. "स्वतः खात नाही."

दोघं खाऊ लागली. बेबीने अंडं शेवटच्या कणापर्यंत संपवलं.

वडील गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. दादाने शिक्षण सोडलं आणि स्टोअरमध्ये लागला. तिचा एक्सरेचा कोर्स त्याने करवला. तिची दोन स्थळं फिसकटली तेव्हा तिसरं बघायला तोच चपला झिजवत फिरला, आणि तिनेच नको म्हटल्यावर पुन्हा विषय काढला नाही. यातलं काही त्याने आयुष्यात एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. हीच तर अडचण होती. बोलून दाखवलं असतं, तर एकदा कडाकडा भांडून मोकळं होता आलं असतं.

"एक सांगू?" दादा म्हणाला. "मला पहिल्या दिवशीच वेड लागलं असतं. पण म्हटलं, बेबी आहे. बेबीचा पगार आहे, बेबी घरात आहे. उद्या मी तोंडघशी पडलो, तरी पोरीचं काही अडत नाही. तेवढ्यावर रोज गळ टाकून बसतो बघ. तुला हे कधी सांगणार नव्हतो. आज आता सापडलोच."

बेबीने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही म्हणून काढून पुन्हा लावलं. हे ऐकलं नसतं, तर ती म्हणाली असती, दादा, मी चाललेय. किंवा निदान तिला तसं वाटत होतं. तिने मनात वाक्य जुळवायला घेतलं: मी तिथून पाठवत जाईन, दर महिन्याला, तू काळजी करू नको. वाक्य चांगलं होतं. खरंही होतं. पण दादाने नुसता पगार म्हटलं नव्हतं. घरात आहे, असंही म्हटलं होतं.

फोन वाजला. मॅडम.

"काय ठरलं मग तुमचं? मला नाव पाठवायचंय. तुम्ही येताय असंच धरू ना?"

दादा शेजारी बसून काकडी खात होता. तळ्यावरून बगळ्यांची एक ओळ चालली होती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बेबीचा हात कॅमेऱ्याकडे गेला. तिथेच थांबला.

"मॅडम," ती म्हणाली, "मला नाही जमणार."

"अहो, पण त्या दिवशी तर तुम्ही..."

"हो. पण नाही जमणार. सॉरी हं."

तिने फोन पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

"कोण गं?"

"ड्युटी बदलून मागत होत्या एक बाई."

"आणि तू नाही म्हणालीस?" दादाला आश्चर्य वाटलं. "बरं केलंस. सगळ्यांना हो म्हणतेस म्हणून लोक डोक्यावर बसतात."

दुपार त्यांनी तिथेच काढली. घरी लवकर जाता येत नव्हतं. दोघांचीही सुटायची वेळ झालेली नव्हती. दादाने काठी पुन्हा लावली, पण काही लागलं नाही. बेबीने कॅमेऱ्यातले फोटो त्याला दाखवले. तो एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि विचारायचा, "हा इथलाच? या तळ्यातला?" टिबुकलीच्या पाठीवर बसलेलं पिल्लू त्याने तीनदा पाहिलं. "पोरीला दाखव की," म्हणाला, आणि मग दोघांनाही कळलं, की ते दाखवता येणार नाही.

साडेपाचला त्याने भांग पाडला. फाटकापाशी तो थांबला.

"मंगळवारी मी येत जाणार नाही इथे," तो म्हणाला. "बसस्टँडवर बसेन. तिथे पंखा आहे."

"कशाला? तळं काय माझ्या मालकीचं आहे?"

"असू दे. सहा वर्षं तुझं आहे." आणि मग, वडिलांचा असायचा तशा आवाजात, "तू पुढे हो. एका बसने नको जाऊया."

ती पुढे झाली. कॅमेरा लॉकरमध्ये ठेवून घरी पोचली तेव्हा भाची टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. अर्ध्या तासाने दादा आला. वहिनीने त्याच्या हातातला डबा घेतला आणि नाक वर केलं.

"मासळीचा वास कुठून येतोय?"

दादा चपला ठेवायच्या जागी उभा राहिला. त्याला पटकन खोटं सुचत नसे. चार महिने त्याने निभावलं होतं ते कुणी काही विचारलं नाही म्हणून.

"माझाच असेल," बेबी दिवाणावरून म्हणाली. "मासे विकणाऱ्या बाईचा हात मोडला होता. तासभर धरून बसले होते तिचा हात."

"शी! मग आंघोळ तरी करायचीत, वन्सं!"

"जाते." ती उठली. मोरीकडे जाताना दादाच्या बाजूने गेली, तर तो भिंतीला टेकून तिला वाट देत होता, आपल्याच घरात पाहुण्यासारखा. बाहेर वहिनी भाचीला सांगत होती, "बघ, बाबा आणि आत्या किती राबतात तुझ्यासाठी. तू फक्त अभ्यास कर." बेबीने बादलीत पाणी सोडलं, नळ पूर्ण उघडून.

नव्या शाखेला दुसरीचं नाव गेलं. तिने जाताना पेढ्याऐवजी केक वाटला. बेबीने आपला तुकडा खाल्ला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढच्या मंगळवारी ती तळ्यावर गेली. आकाश स्वच्छ होतं. पाणकावळे आले होते, तीन की चार, तिने नीट पाहिलं नाही. लेन्स डोळ्याला लावली, की तिला बसस्टँडचा बाक दिसायचा आणि त्यावर इस्त्रीच्या शर्टात, डबा मांडीवर घेऊन, कुठल्याच गाडीला न उठणारा माणूस. तिने एकही फोटो काढला नाही. अकराच्या सुमारास ती गळवाल्यांच्या मागच्या वाटेने चालत गेली.

"ओ बाई!" पोस्टमनकाकांनी लांबूनच हाक मारली. "आपले नऊवाले साहेब नाही आले आज. रोज येणारा माणूस हो. आजारी-बिजारी नसतील ना? तुमच्याकडे नंबर आहे त्यांचा."

"आजारी नाहीत," बेबी म्हणाली. "मंगळवारी त्यांना सुट्टी असते."

"अस्सं!" काकांचा जीव भांड्यात पडला. "हां, मग बरोबर आहे. नोकरदार माणसाला एक दिवस पाहिजेच." त्यांनी आपली पिशवी सरकवून शेजारी जागा केली आणि हाताने गवत झटकलं.

ती बसली.